मागच्या नळावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात मला मागच्या नळावर ठोकलं आहे. माझ्यावर लाल रंगात चारच शब्द आहेत: हे पाणी पिऊ नका. रंगाच्या हौदातलं वापरलेलं पाणी गाळून धुलाईसाठी या नळाला सोडतात, म्हणून.

मला रंगवलं ते कारखान्यातल्या पेंटरदादांनी. अक्षर असं वळणदार, की साहेबांनीही त्यांची पाठ थोपटली. मला ठोकून झालं आणि दादांनी त्याच नळाखाली ओंजळ धरली. घटाघट पाणी प्यायले. मी बघतच राहिले. अहो, ज्यानं लिहिलं त्यानंच?

"पेंटर पितोय म्हणजे पाणी चांगलंच असणार," झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. गार लागतं म्हणून त्या घरी नातीसाठीही बाटली भरून नेऊ लागल्या. रोज ओल्या फडक्यानं मला लख्ख पुसायच्या आणि माझ्याच नाकाखाली बाटली धरायच्या. नातीचं पोट सारखं बिघडायचं. "पोरगी काही अंगच धरत नाही," असं म्हणत मावशी झाडू उचलायच्या. माझा जीव तुटायचा. पण पाटीला तोंड कुठलं? वाचणारा भेटला तरच ती बोलणार.

पुढे जेवणाच्या सुट्टीत साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. मावशी हट्टानं जाऊन बसल्या. एका दुपारी बाटलीला झाकण लावता लावता त्यांची नजर माझ्यावर अडली. ओठ हलू लागले.

"हे... पाणी... पिऊ..."

शेवटचा शब्द त्यांनी दोनदा वाचला. "माझ्या हातानं पाजलं मी तिला," एवढंच बोलल्या. बाटली गटारात उपडी केली आणि तडक पेंटरदादांना गाठून नळापाशी आणलं.

"दादा, हे तुम्हीच लिहिलंत ना? मग पिता कसं?"

दादांचा चेहरा उतरला. "लिहिलं कसलं, मावशी. साहेबांनी कागदावर काढून दिलं, मी तसंच्या तसं उतरवलं. मला कुठं वाचता येतंय?"

मला घडवणाऱ्याला आणि रोज पुसणारीला, दोघांनाही मी काय म्हणते ते ठाऊकच नव्हतं.

नात आता सावरते आहे. दादाही वर्गाला बसतात. पण मित्रांनो, जगभर माझ्यासारख्या किती पाट्या अशा मुक्या उभ्या असतील, या विचारानं अजून धडकी भरते. तुमच्या ओळखीत कुणाला वाचता येत नसेल, तर हसू नका. शेजारी बसा, अक्षरं ओळखायला शिकवा.

मावशी आजही मला रोज पुसतात. पुसताना मोठ्यानं वाचतात, नळाशी आलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं.