साडेबत्तीस टक्के हवा

टक्केबाईंना एकही आजार नव्हता, आणि सगळी फजिती तिथूनच सुरू झाली.

त्या मानसशास्त्रज्ञ. जुनाट दुखणं असलेली मुलं वयात येताना औषधं का टाळतात, यावर एका मोठ्या इस्पितळात सहा वर्षं त्यांचं संशोधन चाललं होतं. सध्या दम्याची मुलं होती. बाईंची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. एका अंगाला चादरींची कोठी, दुसऱ्या अंगाला कुणी बोलावलं नाही तरी प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट. संशोधनात मुलांना नावं नव्हती. गुप्तता म्हणून नंबर होते. प्रत्येकाच्या पंपाच्या बुडाला बटणाएवढी चकती चिकटवलेली असे. पंप दाबला की ती दिवस, तास, मिनिट टिपून ठेवी. महिनाअखेर बाई चकती यंत्राला जोडत आणि टक्के काढत. ऐंशीच्या वर तो सहकारी, खाली तो असहकारी. घरी आईने "भाजी कशी झालीय गं?" विचारलं, तरी बाई म्हणत, "त्र्याहत्तर."

औषध टाळण्याची अकरा कारणं त्यांनी शोधून काढली होती. पहिलं विसरणं, दुसरं कंटाळा, तिसरं चारचौघांत लाज, सातवं 'आज बरं वाटतंय', अकरावं 'आई म्हणाली म्हणून मुद्दाम'. प्रत्येकापुढे एक चौकोन. मूल कुठल्या तरी चौकोनात बसलंच पाहिजे. नाही बसलं तर बाई त्याला हलक्या हाताने दाबून बसवत.

बेचाळीस नंबर मात्र काही केल्या बसेना. चौदा वर्षांची मुलगी, अंगाने काडी, नजरेने टाचणी.

"महिन्याचे दाब एकशेवीस," बाई यंत्राकडे बघत म्हणाल्या. "तुझ्या चकतीवर बरोब्बर एकशेवीस. पण त्यातले छप्पन्न आज सकाळी नऊ पाच ते नऊ वीस. कुठे होतीस?"

"खाली, सायकलस्टँडवर."

"पंधरा मिनिटांत छप्पन्न?"

"तोंडात नाही काही. हवेत. तिथल्या मांजराचा घसा मात्र एकदम मोकळा झालाय."

शेजारी बसलेल्या तिच्या आईने कपाळाला हात लावला. "ऐकलंत? आणि हिला चार दिवस डोंगरावर जायचंय, शाळेच्या सहलीला. दीड महिन्यावर आलीय. मी सांगून ठेवलंय, ही पंप नेमाने घेते असं बाईंनी लेखी दिलं तर जा. नाहीतर बस घरात भिंती मोजत. वर डोंगरात श्वास अडला तर कोण आहे तिथे?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "का टाळतेस?"

"असंच."

"असंचला चौकोन नाही."

"मग काढा की एक. पेन आहे ना?"

"कार्टे," आई म्हणाली.

बेचाळीस नंबर खुर्चीत पुढे सरकली. "बाई, तुम्ही रोज काय घेता?"

"मला काही झालेलं नाही."

"मग तुम्हाला कुठून कळणार? महिनाभर घेऊन बघा. ऐंशीच्या वर आलात तर मी सहलीचं नाव काढणार नाही. खाली आलात तर मला चिठ्ठी द्यायची."

सहा वर्षं दुसऱ्यांचे टक्के काढणारीला हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीची भीती घालणं. बाईंनी कपाटातून मुलांना शिकवायला ठेवलेला रिकामा पंप काढला. आत औषधाचा कण नाही, नुसती हवा. बुडाला चकती लावली. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन.

"झाला तुझा डोंगर चढून," आई लेकीला म्हणाली. "बाई आहेत त्या. घेणारच."

तीन दिवस बाईंनी घड्याळ लावून हवा घेतली. चौथ्या दिवशी इस्त्री सापडेना, त्या गडबडीत राहिली. कारण पहिलं. सहाव्या दिवशी पंप समोर होता, हात मात्र पुढे जाईना. नुसती हवा काय घ्यायची, खिडकीतून येतेच की. कारण दुसरं. नवव्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरांच्या सभेत पर्समधून पंप निघाला आणि टेबलावर गोल फिरत बसला. सगळे बघायला लागले. बाईंनी तो लिपस्टिक असल्यासारखा परत आत टाकला आणि त्या दिवशी बाहेर काढलाच नाही.

त्यात त्यांची आई. ऐंशीच्या घरात आलेली, पण कान तिखट.

"घेतलास का गं?"

"घेते."

"सकाळीही घेते म्हणालीस."

"आई, मी एकोणपन्नास वर्षांची आहे."

"म्हणूनच विचारतेय. या वयात दुखणं अंगावर काढू नये."

बाई तणतणत न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला, दोन मिनिटं उभ्या राहिल्या, तोंड पुसत बाहेर आल्या. पंप खिशात तसाच. कारण अकरावं.

आईने शेजारच्या मावशींना सांगितलं, हिला हवेचं औषध चालू आहे. मावशींचा चेहरा पडला. नुसती हवाच द्यायला लागले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. त्या सफरचंदं घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बाळ, काय झालंय?"

"काही नाही, मावशी."

"तेच तर वाईट. काहीतरी झालं असतं तर उपाय असतो."

चार दिवसांत सगळ्या इमारतीत झालं, टक्केबाईंना 'काही नाही' झालंय. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दोन रात्री विचार करत पडले आणि तिसऱ्या सकाळी वर आले. लक्षणं अगदी जुळत होती. खोकला नाही, ताप नाही, भूक व्यवस्थित. "मलाही तेच झालेलं दिसतंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जास्तीचा पंप असेल तर बघा." बाईंनी दिला. काय करणार? पोस्टमास्तरांनी मात्र एक दाब चुकवला नाही. आठवड्यात जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले, आणि जो भेटेल त्याला सांगायला लागले की हवा आपल्याला लागू पडली.

तिसावा दिवस उजाडला. सकाळी नऊ वाजता टक्केबाई इस्पितळाच्या सायकलस्टँडवर, कोपऱ्यातल्या खांबाआड, डोळे मिटून पंप दाबत होत्या. फुस्स, फुस्स, फुस्स.

"अठ्ठावन्न," मागून आवाज आला. "जरा दमाने. अंगठा दुखेल."

बेचाळीस नंबर एका सायकलच्या कॅरिअरवर बसली होती. मांडीवर मांजर.

बाईंनी पंप घाईने पदराआड केला.

"खांब चांगला निवडलात. तिसऱ्या मजल्यावरून दिसत नाही. मीही तोच घेते," मुलगी म्हणाली. "खरे किती?"

"एकोणचाळीस."

"टक्के?"

"दाब."

मुलीने बोटांवर हिशेब केला. "साडेबत्तीस. माझे या महिन्यात एकोणसाठ टक्के. कशामुळे राहिले?"

बाईंनी अकराही कारणं मनातल्या मनात चाचपून पाहिली. नऊ तर वापरून झाली होती. पण बरेच दिवस असे होते की वेळ होता, पंप हाताशी होता, कुणी बघत नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, आणि तरी.

"असंच," त्या म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली. हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"चिठ्ठी मात्र देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "हरले मी, कबूल. पण तू घेतेस असं लिहिलं आणि वर काही झालं तर? एकोणसाठवर मी तुला डोंगरावर पाठवणार नाही. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

मुलीने मांजर खाली सोडलं. "मला रोज किती जण विचारतात माहीत आहे? आई, बाबा, आजी, वर्गशिक्षिका, तुम्ही. मला मात्र कुणालाच विचारता येत नाही. पंधरा दिवस आहेत अजून. मी तुम्हाला विचारणार. तुम्ही कुणी मला विचारायचं नाही, आईनेसुद्धा. मग चकती बघा आणि काय लिहायचं ते लिहा."

मुलीच्या आईला हे पटवायला लिफ्टच्या तीन फेऱ्या लागल्या. शेवटी ती म्हणाली, "पंधरा दिवस मी तोंडाला कुलूप लावते. पण न बोलून मीच आजारी पडले तर माझी जबाबदारी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाईंच्या घरी फोन वाजला.

"घेतला का?"

"घेते."

"घेते नाही, घेतला पाहिजे. मी ऐकतेय. हलवा. श्वास सोडा. आता दाबा. दहा आकडे धरा. बाई, सहालाच सोडलात."

"तू घेतलास का?" बाईंच्या तोंडून गेलंच.

"विचारायचं नाही ठरलंय. आणि स्वतः घेतल्याशिवाय दुसऱ्याला झापता येतं का? झापायला दम लागतो."

संध्याकाळी पुन्हा सातला. पंधरा दिवस. एकदा बाई आंघोळीत होत्या, तर त्यांच्या आईने फोन उचलला आणि दोघींनी मिळून बाईंची वीस मिनिटं निंदा केली. सोळाव्या सकाळी चकत्या यंत्राला जोडल्या. बाईंचे साठातले एकावन्न. मुलीचे साठातले साठ, आणि एकही सायकलस्टँडवरचा नाही.

बाईंनी चिठ्ठी लिहिली: 'ही मुलगी पंप स्वतः घेते आणि दुसऱ्याला घ्यायला लावते. जाऊ द्यावे.' मुलीच्या आईने ती दोनदा वाचली, घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि लेकीला जाडजूड स्वेटर विकत घ्यायला घेऊन गेली.

पहिले दोन दिवस डोंगरावरून सकाळ-संध्याकाळ बरोबर सातला फोन आला. तिसऱ्या सकाळी सात वाजले, फोन नाही. सव्वासात झाले. आई चहाचा कप घेऊन फोनजवळ येऊन बसली. मावशी आल्या. पोस्टमास्तर पंप हातात घेऊन वर आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. साडेसात झाले. बाईंना सहा वर्षांतली सगळी टक्केवारी आठवत होती, आणि त्यातली एकही धीर देत नव्हती. विचारायचं नाही हे ठरलं होतं. त्यांनी तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

सात बेचाळीसला वाजला.

"तंबूत फोन लागतच नाही," मुलगी म्हणाली. मागे वारा घोंघावत होता. "शिक्षकांना घेऊन पार वरपर्यंत चढून आलेय. ते खाली बसलेत, त्यांना धाप लागलीय. मला नाही. घेतला का?"

"घेतला."

"आत्ता?"

"सातला."

"मी न विचारता?"

"हो."

"का?"

बाईंनी समोर पाहिलं. आई, मावशी, पोस्टमास्तर, तिघंही उत्तराची वाट बघत होती.

"असंच," त्या म्हणाल्या.