वायरीच्या टोकावरची टोपी

“दादा, ही टोपी काढली तर काय होईल?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता. विचारला अंकितानं, पण तो तिच्या पोटातून आलेला नव्हता. मयूरीनं आणि मागच्या बाकावरच्या टोळीनं तिला डिवचलं होतं. “अनीशदादाला तोंड वर करून एक प्रश्न विचारून दाखव. नाही विचारलास तर तुझ्या वेण्या बाकाला बांधू!” आता वेण्यांचा प्रश्न आल्यावर काय करणार बिचारी?

अनीशदादा म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका शकुंतलाबाईंचा भाचा. सांगलीला इंजिनिअरिंग शिकायचा आणि शनिवारी एस.टी.नं आमच्या कन्याशाळेत यायचा. तो हसला आणि म्हणाला, “काढून बघ की.”

अंकितानं मला दाबलं, फिरवलं आणि ओढलं. झालं! खोलीतले सगळे कॉम्प्युटर जागच्या जागी थिजले.

“मारलंस! शाळा बुडवलीस!” मयूरी किंचाळली.

अंकिताचा चेहरा कोहळ्यासारखा पांढरा. अनीशदादा मात्र शांत. “परत लाव.” तिनं लावलं. थोड्या वेळानं पडदे हलायला लागले. एवढ्याशा माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं हे पाहून मला जो रुबाब चढला, तो आजतागायत उतरलेला नाही.

तर मी ती टोपी. जुनी आहे, चकाकी गेलीय, आणि कुणाच्या डोक्यावर बसायची नाही. कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणारी जी काळी जाड वायर असते ना, तिच्या टोकावर बसायची. पुस्तकात मला टर्मिनेटर म्हणतात, पण कन्याशाळेत मी टोपीच. मला एक जुळी बहीण आहे. वायरीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. वायरीतून निरोप धावतात. टोकाला पोहोचले की त्यांना मी पिऊन टाकते. मी नसले तर ते टोकावर आपटून मागं फिरतात, मागून येणाऱ्यांना धडकतात आणि सगळाच गोंधळ.

हे अनीशदादानं फळ्यावर लाटा काढून समजावलं, पण मुलींच्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा अंकिताच पुटपुटली, “आमच्या उसाच्या पाटासारखं आहे का हे? शेवटच्या सरीनं पाणी पिलं नाही तर ते फुगून मागं येतं नि बांध फुटतो.” अनीशदादानं फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : शेवटची सरी. माझं इतकं सुंदर वर्णन आजवर कुणी केलेलं नाही!

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते पुण्यातल्या एका दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी आणि शेजारी बहिणीची ऊब. तिथून आम्ही आलो एका साखर कारखान्याच्या कचेरीत. काय थाट होता! दाराशी चपला काढायच्या, कॉम्प्युटरवर मखमली झूल, नवीन पाहुणा आला की त्याला काच लावलेल्या खिडकीतून दाखवायचं. गळिताचा हंगाम सुरू झाला की चिमणीची काजळी उडत यायची, पण आमच्या खोलीत शिरायची तिला परवानगी नव्हती. कॉम्प्युटरांचं कौतुक व्हायचं, वायरीचंही अधूनमधून. माझं कुणी नाव काढलं नाही. पण काम होतं, त्यामुळं मी खूश होते.

मग रंगीत पडद्यांचे नवे कॉम्प्युटर आले. जुन्यांना नवी सॉफ्टवेअरं पेलेनात. त्यांची रवानगी गोदामात झाली आणि आम्हा दोघी बहिणींची एका खणात, टाचण्या आणि सुकलेल्या शिक्क्यांच्या सोबतीला. कारकुनाच्या धाकट्या मुलीनं आम्हाला भातुकलीत तांब्या म्हणून वापरलं. मी तक्रार करत नाही. तांब्या होणं बरं असतं, नुसतं पडून राहण्यापेक्षा.

एके दिवशी कारखान्यानं ते कॉम्प्युटर कन्याशाळेला देऊन टाकले आणि वायरीच्या भेंडोळ्याबरोबर आम्हीही पोत्यातून इथं आलो. सगळ्यांना वाटलं, हे भंगार चालायचं नाही. तेव्हा अनीशदादानं पिशवीतून एक तबकडी काढली. मासिकाबरोबर फुकट आली होती. तिच्यावर लिनक्स होतं, जुन्या कॉम्प्युटरांनाही चालवणारं सॉफ्टवेअर.

“हे कुणाचं आहे?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“सगळ्यांचं, मावशी. जगातल्या कुणीकुणी मिळून लिहिलंय. आतलं सगळं उघडं आहे. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या.”

“आणि चोरीबिरी?”

“चोरी कशी? त्यांनीच वाटलंय!”

बाईंच्या कपाळावरची आठी जाईना. तर मयूरी म्हणाली, “बाई, कांदा-लसूण चटणीसारखं असेल. अंकिताची आई डंकावर मसाला कुटायला गेली की सगळ्या आळीला कृती सांगते. कुणी खोबरं वाढवतं, कुणी तीळ. कुणी लपवून नाही ठेवत.”

त्या दिवसापासून कन्याशाळेत लिनक्स म्हणजे चटणी.

पुढचे महिने काय सांगू मित्रांनो! मुलींनी कॉम्प्युटर उघडले, आतली काजळी फुंकली, वायर जोडायची कार्डं बसवली. ग्रंथालयापासून कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत वायर ओढली. प्रत्येक कॉम्प्युटरला नाव द्यावं लागतं, तर यांनी नद्यांची नावं दिली. सगळ्यांचा कारभार सांभाळणारी ती कृष्णा. बाकी कोयना, वारणा, येरळा. कृष्णेसाठी लिनक्सचा गाभा, म्हणजे मूळ प्रोग्राम, तिच्यावरच नव्यानं तयार करायला घेतला, तर तो होईपर्यंत प्रार्थना झाली, गणित झालं, डबे खाऊन झाले, खो-खो झाला आणि शेवटच्या तासाला वीज गेली. “कोयनेची वीज मुंबईला जाते, नि कोयनेच्या लेकींना मेणबत्ती!” मयूरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून पुन्हा.

पण चाललं! ग्रंथालयात बसून लिहायचं आणि इकडच्या प्रिंटरवर छापायचं. इकडून निरोप, तिकडून उत्तर. मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. अंकितानं तर कमालच केली. कॉम्प्युटरमध्ये शिरताना जो रुक्ष इंग्रजी मजकूर यायचा तो शोधून काढला, पुसला, आणि तिथं लिहिलं, ‘या, बसा. चहा टाकलाय.’ ज्या मुलीला पैजेशिवाय प्रश्न विचारता येत नव्हता, ती आता प्रश्नांनी अनीशदादाची शेवटची एस.टी. चुकवायला लागली.

घरी मात्र ती गप्पच. तिचे आण्णा, जयराज हवालदार, फौजेतून येऊन ऊस बघायचे. त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं की दहावीनंतर अंकिता साताऱ्याला मामाकडं राहील, बारावी करेल, मग डी.एड. करून मास्तरीण होईल. अंकितानं कधी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि शाळेवर वेगळंच संकट. संस्थेचे अध्यक्ष आकारामआप्पा, भरघोस मिशांचे, एका सभेत म्हणाले, “बाई, पोरींस्नी काय करायच्यात मशिनी? कराडला आपल्या पोरांच्या शाळंत नेऊ, थितं वापर हुईल.” शकुंतलाबाई अडून बसल्या. शेवटी आप्पा म्हणाले, “बरं. खंडेनवमीला पूजेला मी येतो. त्या इंजिनेर पोराबिगर, पोरींनी स्वतः चालवून दाखवलं तर मशिनी हितंच. न्हाई चाललं तर दसऱ्याला टेम्पो येईल.”

खंडेनवमी उजाडली. मुलींनी सकाळीच सगळं चालवून पाहिलं. ग्रंथालयात येरळेवर मयूरी, खोलीत कृष्णेवर अंकिता, दोघींमध्ये निरोपांची वाट उघडलेली. मस्त! मग आप्पांच्या स्वागताला सगळ्या फाटकाशी पळाल्या.

आणि आमच्या बनुबाई आल्या. बनुबाई शाळेच्या शिपाई. खंडेनवमीला शाळेतलं धातूचं म्हणून जे दिसेल ते घासायचं, हा त्यांचा नेम. घंटा झाली, समई झाली, प्रयोगशाळेतला तराजू झाला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “अगं बया, किती कळकटलीया!” त्यांनी मला दाबलं, फिरवलं, ओढलं. पोरींचं बघून बघून शिकल्या होत्या. बहिणीलाही आणलं. चिंच-मिठानं आम्हाला असं घासलं की मी जन्मात एवढी लखलखले नव्हते! उन्हात वाळवलं, मग पूजेच्या ताम्हणात सुपारीशेजारी बसवलं. शकुंतलाबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मित्रांनो, काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला ओवाळत होतं. मी अशी फुगले, अशी फुगले, की माझ्यावाचून वायर उघडी पडलीय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आरती झाली. आप्पा खुर्चीवर बसले. “हं, लावा तुमची मशीन.”

अंकितानं कळ दाबली. काही नाही. परत दाबली. काहीच नाही. कोयना गप्प, वारणा गप्प.

“ऱ्हाऊ दे पोरी,” आप्पा मऊपणानं म्हणाले, आणि तो मऊपणाच जास्त लागला. “टेम्पोवाल्याला सांगून ठिवतो.”

शकुंतलाबाईंनी मान खाली घातली. अंकिताचे ओठ हलत होते. ती अनीशदादाचं वाक्य घोकत होती : एक बंद पडलं तर त्याचा दोष, सगळी बंद पडली तर टोकं बघ. ती टेबलाखाली शिरली. टोक चाचपलं. बोडकं! बाहेर आली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि ताम्हणात झेंडूच्या आड तिला मी दिसले.

तिनं हात पुढं केला.

“अगं, अगं! पूजंला बसल्यालं हलवू नगं!” बनुबाई ओरडल्या. “आज हत्यार उचलायचं नसतंय!”

“खरं हाय,” आप्पाही म्हणाले. “आमी नांगर सुदिक हलवत न्हाई आज.”

अंकिता थांबली. मला वाटलं, संपलं. ही आता घरच्यासारखी गप्प बसणार. पण तिनं मान वर केली.

“आप्पा, आमचे आण्णा फौजेत होते. तिथं आजच्या दिवशी शस्त्रपूजा होते. पण म्हणून सीमेवरचा पहारेकरी बंदूक ठेवून झोपायला जातो का?”

“आँ? न्हाई.”

“ही टोपी पहाऱ्यावरची आहे. वायरीच्या टोकावर उभी असते. तिची पूजा झाली, आता तिला ड्यूटीवर जाऊ द्या.”

आप्पांनी आपली गांधी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “ने बाई. पहाऱ्यावरच्याला कोण अडवणार?”

अंकितानं मला नमस्कार केला, हळद-कुंकवासकट उचलून टोकावर चढवलं आणि बहिणीला घेऊन ग्रंथालयाकडं धूम ठोकली. तिथं जे झालं ते बहिणीनं मला नंतर सांगितलं. मयूरी फाटकावरून परस्पर येरळेवर येऊन कधीची निरोप लिहीत बसली होती. अंकिताच्या हातात टोपी बघताच तिनं जीभ चावली.

“म्हणजे... मी लिहिलेलं काहीच पोहोचलं नाही?”

“नाही, आता पोहोचेल!”

“अगं नको! थांब! लावू नको!”

पण तोवर बहीण चढली होती.

अंकिता धापा टाकत परत आली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मी कान टवकारून बसले होते. आणि मग पाट फुटावा तसे, अडकून पडलेले सगळे निरोप एकामागून एक पडद्यावर धावत आले. आप्पांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायला लागले.

“अं-कि-ता... अं-कि-ता... मे-लीस का... आप्पा आत आले का... आप्पां-च्या मिशा... खऱ्या हायेत का... चिकटव-लेल्या?”

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. दारात मयूरी उभी होती, चोरी पकडली गेल्यासारखी. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मिशीचं टोक धरलं आणि म्हणाले, “ये, वढून बघ!”

मग जे हसू फुटलं, ते फाटकापर्यंत गेलं. आप्पांनी स्वतः कृष्णेतून बाहेर पडून परत आत शिरून पाहिलं. ‘या, बसा. चहा टाकलाय.’ ते वाचून म्हणाले, “बाई, ही मशीन माणसात आली की! मशिनी हितंच ऱ्हातील. कराडची पोरंच हितं शिकाया येतील. आन चहा कुठं हाय?”

“म्या घासली म्हणून चालली बरं का!” बनुबाई सगळ्यांना सांगत चहा वाटत होत्या. कुणी नाही म्हटलं नाही. पुढं कितीतरी दिवस त्या खोलीत चिंचेचा वास होता.

अंकिताची दहावी होईतो नवा जमाना आला. वायरीऐवजी एक डबा आला. प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी तार त्या डब्यात. मला टोकच उरलं नाही. बहिणीला शकुंतलाबाईंनी कपाटात ढालींशेजारी ठेवलं आणि मला अंकिताच्या हातावर. तेव्हापासून मी तिच्या कंपासपेटीत राहते. माझी बडबड तिच्यासारखी का झालीय, हे आता तुम्हाला कळलं असेल.

मित्रांनो, टोकाला बसलेल्यांची आठवण ठेवत जा. शेवटची सरी, शेवटचा बाक, घरातली गप्प मुलगी. तिथं काही चाललेलं दिसत नाही, पण तिथंच तर सगळं टिकून असतं. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तू टाकायच्या आधी एकदा पुसून, लावून बघा. चिंच असेल तर उत्तमच!

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आण्णा अंगणात पेढ्यांचा पुडा सोडत होते. आई डंकावरून नुकतीच आली होती, तिच्या पदराला मिरचीचा खकाणा. आण्णा म्हणाले, “सोमवारी मामाकडं सोडतो तुला. साताऱ्याला.”

अंकितानं मला मुठीत घट्ट धरलं. माझं काम मला ठाऊक होतं. टोकाला पोहोचलेलं परत फिरू द्यायचं नाही.

आज कुणी पैज लावली नव्हती.

“आण्णा, आई, ऐका. मी साताऱ्याला न्हाई जाणार. डी.एड.बी न्हाई करणार. मी सांगलीला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरला जाणार हाय. सोमवारी मला तिकडंच सोडा.”