बाबा झोपलाय

सुट्ट्या लागल्या की आमच्या घरातला आवाज कमी होतो. इतरांकडे उलटं असतं. वरच्या मजल्यावर दिवसभर खुर्च्या सरकतात, समोरच्या घरात दारं आपटतात, कुणीतरी कुणाच्या तरी नावाने ठणाणा करत असतं. आमच्याकडे दोन मुलं चवड्यांवर चालतात, कपाटाचं दार दोन्ही हातांनी धरून लावतात आणि पत्त्यांत हरलेला तोंडावर उशी दाबून रडतो. कारण बाबा झोपलाय.

माझा नवरा एका मोठ्या लाँड्रीत रात्रपाळीचा प्रमुख आहे. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे रात्री येतात आणि सकाळी धुऊन, वाळून, इस्त्री होऊन परत जातात. तो घरी पोचतो तेव्हा माझी निघायची घाई चाललेली असते. मी दातांच्या लॅबमध्ये आहे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही कवळ्या करून देतो. आमची भेट होते ती दारात. दूध तापवलंय, थोरल्याच्या वहीवर सही राहिलीय, गॅस संपत आलाय. एवढं बोलून एक आत जातो आणि एक बाहेर. संध्याकाळी मी येते तोवर तो दाढी करून बूट चढवत असतो. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या अंगाला रात्र कळत नाही, तो दिवसाच झोपतो. संसार टिकवायला ही फार सोयीची पद्धत आहे, असं मी लॅबमध्ये सांगायचे. बायका हसायच्या, मीही हसायचे.

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी धाकटीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "अभ्यासात हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण बोलते ते पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू येत नाही. घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, नाही हो, सगळे ठणठणीत आहेत. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

सुट्टीच्या पहिल्याच रविवारी तो झोपलेला असताना त्याच्या साहेबांचा फोन आला. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि हळूच बोलले. साहेब खुशीत होते. "वहिनी, पेढे कधी देताय? दिवसपाळीची जागा रिकामी झालीय, मी त्याला गेल्याच आठवड्यात विचारलंय. अजून हो म्हणत नाही पठ्ठ्या. पुढच्या सोमवारपर्यंत सांगू दे, नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल."

मी बरं म्हटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. धाकटी पोटात होती तेव्हापासून मी या दिवसपाळीची वाट बघत होते. याला आठवडाभर ठाऊक होतं आणि याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. संध्याकाळी तो उठल्यावर मी म्हटलं, "साहेबांचा फोन होता." तो चहा ओतून घेत होता. "असेल काहीतरी मशीनचं," तो म्हणाला आणि बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

पैसे दोन्ही पाळ्यांना सारखेच, हे मला माहीत होतं. मग नाही म्हणायला कारण काय? कारण एकच उरत होतं, आणि ते त्याच्यासमोर चहाचा कप धरून बसलं होतं.

त्याच आठवड्यात नणंदबाई घरी आल्या. त्या त्याच्याहून मोठ्या, आवाजानेही आणि अंगानेही. आमचं कुजबुजतं घर बघून त्यांचं डोकं फिरतं. "तुम्ही दोघं नवराबायको आहात की भाडेकरू?" त्यांनी विचारलं, तेही त्याच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून. "मुलांना दोन दिवस माझ्याकडे पाठवा आणि जा कुठेतरी." एरवी मी नाही म्हटलं असतं. यावेळी लगेच हो म्हणून टाकलं. म्हटलं, तिथे तरी बोलेल. आणि नाही बोलला तर तेही कळेल.

तळ्याकाठचं हॉटेल होतं, तीन मजली, फार जुनंही नाही आणि नवंही नाही. आमच्या खोलीतून अर्धं तळं आणि पूर्ण पार्किंग दिसायचं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि आधी चादरीचा कोपरा उचलून बघितला. "नीट खळबळलेली नाही," तो म्हणाला. "साबण राहिलाय. अंग खाजेल तुझं." मुलांशिवाय बाहेर पडलेल्या जोडप्याचं पहिलं वाक्य म्हणून मी हे काही योजलं नव्हतं. पण मीसुद्धा खाली काउंटरवरच्या माणसाच्या पुढच्या दोन दातांचा रंग चुकलाय, हेच बघून आले होते.

जेवायच्या खोलीत वेटर आमच्याजवळ आला आणि वाकला. मग आणखी वाकला. शेवटी कानामागे हात धरून म्हणाला, "साहेब, जरा मोठ्याने." तेव्हा मला कळलं की आम्ही दोघं कुजबुजतोय. आजूबाजूला कुणी झोपलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा सूपचा फुर्र आवाज काढत होते, त्यांना कुणी गप्प करत नव्हतं. मी घसा साफ करून "दोन सूप," असं म्हटलं, तर आजोबा दचकून माझ्याकडे बघायला लागले. आम्हाला दोघांना हसू आलं. हसताना मात्र आवाज झाला नाही.

रात्री झोपेचा बोजवारा उडाला. तो टक्क जागा, आणि मला पलंगावर दुसऱ्या माणसाची सवय नाही. त्याचा पाय लागला की मी दचकायचे, मी दचकले की तो सॉरी म्हणायचा. पहाटे तो खुर्चीत जाऊन बसला. मला तेव्हा कुठे डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलायच्या संधी देत फिरले. होडीत बसलो तेव्हा म्हटलं, "कामावर काय नवीन?" तो म्हणाला, वाळवणी यंत्राचा पट्टा बदलला. बाजारात धाकटीने सांगून ठेवलेली टोपी घेताना म्हटलं, "संध्याकाळी मुलांजवळ आणखी कुणी जागं माणूस हवं, नाही?" तो म्हणाला, "ताई आहे ना." मी टोपी घेतली आणि भाव न करता पैसे दिले. इतका राग आला होता.

दुपारी तो झोपला. मी पुस्तक घेऊन खिडकीशी बसले आणि मला करकर ऐकू आली. आधी वाटलं, बाहेर कुणी काही घासतंय. मग लक्षात आलं, तो दात खातोय. खालचा जबडा वरच्यावर रगडून, अगदी मन लावून. आमच्याकडे असली मापं येतात, दाढा झिजून सपाट झालेल्या. त्या बघून आम्ही म्हणतो, या माणसाच्या जिवाला घोर आहे. माझ्या स्वतःच्या नवऱ्याचा जबडा मला कधी ऐकू आला नव्हता, कारण तो झोपतो तेव्हा मी दुसऱ्यांचे दात करत असते, आणि रविवारी त्याचं दार बंद असतं. मला त्याची कीव आली. राग गेला नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याकाठच्या बाकावर चहा घेऊन बसलो. बस यायला वेळ होता. मी ठरवलं होतं की आता विचारायचंच. पण तोच म्हणाला, "मला दिवसपाळी देतायत."

"माहितेय," मी म्हटलं. "साहेबांनी सांगितलं मला."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "उद्या नाही म्हणून कळवणार आहे."

"माझ्यामुळे?"

तो लगेच नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने विचार केला. "थोडं तुझ्यामुळे," तो म्हणाला. "नळ गळतो, पोराला ताप येतो, तू रजा काढून सगळं निस्तरून टाकतेस. मला संध्याकाळी कळतं. मी जागा राहून करू काय?"

"झोपमोड नको म्हणून उठवत नाही रे."

"ते कळतं मला." कपातला चहा त्याने गवतावर ओतून टाकला. "आणि मी दुपारी झोपलेला नसतो. निम्म्या वेळा नसतो. पडून ऐकत असतो. दोघं पत्ते खेळतात, तो तिला फसवतो, ती त्याला चिमटे काढते. हसतात. बारीक आवाजात, पण हसतात. मागच्या आठवड्यात मला राहवलं नाही, बाहेर आलो. म्हटलं, मलाही पानं वाटा. दोघं ताडकन उभी राहिली. थोरला म्हणाला, सॉरी बाबा, आम्ही आवाज नाही केला, तू झोप. धाकटीने पत्तेसुद्धा आवरले. घाईघाईने, मी ओरडेन म्हणून. मी कधी ओरडलोय का गं त्यांच्यावर?"

नव्हता ओरडला. कधीच नाही. ओरडायची वेळच मी येऊ दिली नव्हती. बाबाला त्रास देऊ नका, बाबा दमलाय, बाबा उठला तर बघा हं. मुलं मोठी करायला मला दुसरा धाक सापडला नाही, म्हणून मी झोपलेल्या माणसाचा वापरला. हे मी त्याला तिथे बाकावर सांगितलं. मला रडू येत होतं आणि समोर होडीवाला "चला, शेवटची फेरी" म्हणून ओरडत होता.

"दार उघडं ठेवून पडलास तर तेवढं तरी," मी म्हटलं.

"दार उघडं असलं की बाहेरच्या खोलीत कुणी खेळतच नाही," तो म्हणाला. "दार बंद असतं तोवर निदान ऐकू तरी येतं. संध्याकाळी जागेपणी घरात वावरायला लागलो तर तेही बंद होईल. मला नकोय ती पाळी."

बसमध्ये आम्ही बोललो नाही. भांडलो नव्हतो, पण आता बोलण्यासारखं काय उरलंय हे कुणालाच कळत नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब बंद करून टाकला होता. जसं चाललंय तसं चालेल. मुलं मोठी होतील, निघून जातील, मग दार उघडलं काय आणि मिटलं काय.

नणंदबाईंच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचलो आणि वरून एक आवाज आला. "ए चीटर! चीटर! पत्ता लपवलास तू, मी बघितलंय, दाखव हात!" भिंती हादरतील असा, खणखणीत, शेवटी चिरकलेला. त्यापाठोपाठ नणंदबाईंचं गडगडाटी हसणं.

तो थांबला. "कोण आहे ही?"

"कोण म्हणजे? तुझी मुलगी."

"एवढा आवाज आहे तिला?"

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. पिशवी मांडीवर घेऊन, मान वर करून ऐकत राहिला. आत थोरला काहीतरी सारवासारव करत होता, ती त्याला बोलू देत नव्हती. नाकाच्या शेंड्यापर्यंत राग आला की मी जशी बोलते तशीच बोलत होती. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसत नव्हता. मग त्याने खिशातून फोन काढला आणि साहेबांना लावला.

"मी बोलतोय," तो कुजबुजला. "त्या जागेबद्दल..."

फोनमधून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "अरे, मोठ्याने बोल, काही कळत नाहीये."

"मला हवीय," तो म्हणाला.

"काय?"

"मला हवीय ती पाळी! दिवसाची! मी हो म्हणतोय!"

जिन्यात तो आवाज वरपासून खालपर्यंत घुमला. कुणीतरी दार उघडून बघितलं आणि परत लावलं. आणि वर, नणंदबाईंच्या घरात, सगळं एकदम चिडीचूप झालं.

त्याने फोन ठेवला. चेहरा पडला होता. "बघ," तो म्हणाला. "थांबलं."

मी काही समजूत घालायला गेले नाही. थांबलं होतं हे खरंच होतं. मी बेल वाजवली.

दार धाकटीने उघडलं. मागे थोरला, हातातले पत्ते पाठीशी धरून. ती माझ्या गळ्यात पडली नाही की टोपी कुठेय म्हणाली नाही. ती बाबाकडे बघत होती. बाहेर लख्ख दुपार होती.

"तू झोपला नाहीस?" तिने विचारलं. तोच घरातला आवाज, पहिल्या बाकावर न पोचणारा.

"नाही."

"मग कधी झोपणार?"

"रात्री," तो म्हणाला. "आता रोज रात्री."

"रात्री तर आम्ही झोपतो."

"मीपण तेव्हाच."

तिचा विश्वास बसला नाही. असल्या गोष्टीत घरात कुणाचा शब्द खरा धरायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हणायची वाट बघत उभी राहिली.