आजोबांच्या बारशाला

मी एक जुनी जीप आहे. किती जुनी, ते ऐका. माझ्या गिअरच्या मुठीवरचे आकडे माणसांच्या तळहातांनी पुसून गेले, तेव्हा आमच्या रिनाईचा जन्मही झाला नव्हता. मित्रांनो, या वयात गाड्या झाडाखाली उभ्या राहून गंजतात. मी मात्र गेल्या वर्षी बोनेटपर्यंत नदीत उतरले! ती हकीकत सांगताना माझं इंजिन आजही धडधडतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. जहाजातून उतरवलं ते थेट मलेशियातल्या सारावाकच्या जंगलात, लाकूडतोड कंपनीच्या तळावर. तिथे मी डिझेलची पिंपं वाहिली, करवती वाहिल्या, तांदळाची पोती वाहिली. एकदा पाय मोडलेला एक कामगार माझ्या मागच्या फळीवर आडवा होऊन दवाखान्यात गेला. दोन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा आधी माझ्याकडे आला आणि त्यानं माझं दार हळूच थोपटलं. तळावरचा मुकादम सगळ्यांना सांगायचा, "ही म्हातारी होईल, पण मागे सरायची नाही."

पण जंगलातलं काम आटोपलं, तळ उठला आणि मला एका छपराखाली ढकलून माणसं निघून गेली. टायर बसले. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. पुढे कधीतरी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं मला ओढत मिरी शहरात आणलं, आपल्या अंगणात उभं केलं आणि काचेवर खडूनं लिहिलं, 'चालते'. साफ खोटं होतं ते!

तिथे एका रविवारी गेरावत आला. तो फ्रिज दुरुस्त करायचा. त्याची बायको सुपांग दवाखान्यात नर्स होती. त्यांची दहा वर्षांची मुलगी रिनाई दोघांच्या मध्ये उड्या मारत होती.

"सुपांग, हिला बघ!" गेरावत म्हणाला.

"बघितलं. आता जीप दाखव."

"हीच जीप!"

सुपांगनं मला एक प्रदक्षिणा घातली. "गेरावत, हिच्या सीटमधनं झाड उगवलंय."

"फर्न आहे गं. उपटलं की झालं."

"आणि तू चालवणार? तुझी स्कूटर साध्या डबक्यात बंद पडते."

सुपांगचं माहेर वर डोंगरात, बारिओच्या पठारावर. तिचे वडील आयुष्यभर लाकडाचे ट्रक चालवत आले, आणि तिनं शाळेत जायच्या वयातच त्यांच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलं होतं. गेरावत मात्र मिरीच्या डांबरावर वाढलेला. सुट्टीच्या दिवशी बायको-मुलीला घेऊन नद्या, डोंगर, जंगलं पालथी घालायची, हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न. रिनाई तोवर माझ्या स्टिअरिंगमागे जाऊन बसलीही होती. "बाबा, घ्या ना! हिला जंगलाचा वास येतो."

"तो कोंबड्यांचा आहे," सुपांग म्हणाली. पण ती हसली, आणि माझं नशीब फळफळलं.

आह सेंग नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं मला उघडलं. गेरावत कागदावर लांबलचक यादी घेऊन आला होता. आह सेंगनं ती वाचली आणि घडी घालून त्याच्याच खिशात कोंबली.

"आधी हाडं, मग दागिने," तो म्हणाला.

दोन महिने माझी हाडं दुरुस्त होत होती. धक्के झेलणारे पाटे बदलले, ब्रेक बदलले. गिअरबॉक्समधलं तेल काढलं, तर ते काळ्या काकवीसारखं ओघळलं. रिनाई शाळा सुटली की यायची आणि नट पिळायचे पाने हातात देत उभी राहायची. मग मोठ्या खाचांचे, चिखलात चालणारे टायर आले. खोल पाण्यातही इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून छपरापर्यंत उंच नळी बसवली. पुढे चेसीसलाच पक्कं जोडून विंच लावलं, म्हणजे पोलादी तारेचं रीळ. तार झाडाला बांधायची आणि रीळ फिरवायचं, की मी स्वतःलाच चिखलातून ओढून काढणार! ज्या दिवशी माझं इंजिन पहिल्या चावीला गरजलं, त्या दिवशी रिनाईनं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं.

त्यानंतर मात्र गेरावतनं खिशातली यादी बाहेर काढली. माझ्या डोक्यावर लोखंडाचं भलं थोरलं कॅरिअर आलं. कॅरिअरवर आठ दिवे आले. मागे शिडी आली.

आह सेंग कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "डोक्यावर एवढं? जीप आहे का हॉटेल?"

"शान आहे, अंकल, शान!" गेरावत म्हणाला.

खरं सांगते मित्रांनो, मलाही ते आवडलं. रविवारी आम्ही समुद्रावर जायचो, धबधब्यावर जायचो, आणि अनोळखी पोरंसोरं माझ्यापुढे उभी राहून फोटो काढायची. वळणावर माझं डोकं थोडं झुलायचं, पण कौतुकापुढे त्याची आठवण कोणाला राहते?

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

बारिओच्या पठारावरच्या आमच्या केलाबित लोकांत मूल झालं, की आईबापांचं जुनं नाव जातं आणि नवं येतं. नातवंड झालं, की आजोबांचंही. त्यासाठी सगळ्या पठाराला जेवण घालायचं. रिनाईच्या वेळी तिची आजी अंथरुणाला खिळली होती, म्हणून तो सोहळा राहून गेला. मग वर्षं सरत गेली. आता सुपांगची धाकटी बहीण दोउ हिला मुलगा झाला होता. मिरीतच बाळंतपण झालं, बाळ पाच महिन्यांचं झालं, आणि आजोबांनी दोन्ही सोहळे एकदम करायचे ठरवले. दोउचा नवरा तयारीला आधीच वर गेला होता. शनिवारी जेवण. पण डोंगरावर ढग असे बसले, की वर जाणारं छोटं विमान तीन दिवस उडालंच नाही.

गुरुवारी रात्री आजोबांचा फोन आला. गेरावतनं तो माझ्या बोनेटवर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"म्हशी कापल्यात. पाहुणे आलेत. आणि ज्यांची नावं बदलायची तेच खाली बसलेत! अरे, दहा वर्षं झाली, मी अजून जुन्याच नावावर फिरतोय, नंबर प्लेट बदलायची राहिलेल्या ट्रकसारखा."

"आम्ही जीपनं येतो," गेरावत म्हणाला.

पलीकडून आवाज आला, "सुपांगला फोन दे."

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. पुढे गेरावत आणि सुपांग, मागे रिनाई, दोउ आणि तिच्या मांडीवर ते गोल गालांचं बाळ. कॅरिअरवर बिस्किटांचे डबे, पाण्याची टाकी, सामानाच्या पेट्या आणि सोहळ्यासाठी गेरावतनं आणलेला कपाटाएवढा स्पीकर. डांबर संपलं, लाल मातीचा रस्ता लागला, आणि माझ्या टायरांनी ती माती ओळखली! वर्षानुवर्षं मी याच रस्त्यांवर राबले होते. माझा जुना तळ होता तिथे आता पुरुषभर गवत होतं. बाकी कोणाला ते कळलं नाही. मी मात्र तिथून जाताना जरा जास्तच जोरात गुरगुरले. चढावर चिखल, उतारावर चिखल. बाळ प्रत्येक धक्क्याला खिदळत होतं आणि रिनाई ओरडत होती, "अजून एक! बाबा, अजून एक खड्डा!" पानात बांधलेला मऊ भात त्यांनी चालत्या गाडीतच खाल्ला.

दुपारी आम्ही नदीवर पोचलो, आणि गेरावतनं ब्रेक दाबला.

ओंडक्यांचा पूल खचला होता. दोन मोठे ओंडके पाण्यात गेले होते, दोन उरले होते. माणसाला जपून चालता आलं असतं, पण जीपला नाही. खाली नदी गढूळ आणि वेगात वाहत होती. मागे आठ तासांचा रस्ता होता आणि पुढे चार तासांचा.

गेरावतनं एक लांब काठी घेऊन पाण्यात चार ठिकाणी टेकवून पाहिली. "कमरेच्या वर आहे. नळी आहे ना, जाईल."

सुपांग पाण्याकडे बघत नव्हती. ती माझ्या डोक्याकडे बघत होती.

"पाण्यात बंद नाही पडणार ही," ती म्हणाली. "कलंडेल. वरचं वजन बघ. मधोमध धार बाजूनं धक्का देणार, आणि तुझी शान सगळ्यांना घेऊन आडवी होणार."

"मग स्पीकर उतरवू."

"स्पीकर नाही. कॅरिअर."

गेरावतनं ते कॅरिअर स्वतःच्या हातांनी रंगवलं होतं. त्यानं एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा नदीकडे, मग पाना काढला आणि मुकाट्यानं शिडी चढला. एक-एक बोल्ट निघाला, तसा माझ्या मानेवरचा भार कमी होत गेला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण वाटलं ते निराळंच. कितीतरी महिन्यांनी मी ताठ उभी होते!

मग वरात निघाली. दोउ बाळाला छातीशी बांधून ओंडक्यांवरून हळूहळू पलीकडे गेली. रिनाई बिस्किटांचे डबे घेऊन तीन खेपा करून आली. गेरावत आणि सुपांगनं स्पीकर दोन टोकांना धरून नेला. पुलाच्या मध्यावर गेरावत म्हणाला, "हा कोणी आणायला सांगितला?" आणि सुपांगला एवढं हसू फुटलं, की दोघं जागीच थांबले.

शेवटी विंचची तार ओढत गेरावत पलीकडे गेला. एका जाड झाडाला आधी त्यानं रुंद पट्टा गुंडाळला, मग त्यात तारेचा आकडा अडकवला आणि परत आला. त्यानं किल्ली पुढे केली.

"तू चालव."

"नक्की?"

"माझी स्कूटर डबक्यात बंद पडते. तू ट्रकवर शिकलीयस."

गेरावत पुन्हा पलीकडच्या काठावर गेला. सुपांगनं माझ्या तोंडावर ताडपत्रीचा तुकडा बांधला, म्हणजे पाणी थेट इंजिनावर येणार नाही. सगळ्यात खालचा गिअर टाकला, काचा खाली घेतल्या आणि मला हलकेच म्हणाली, "चल गं बाई."

मी उतरले. चाकं गेली, दिवे गेले, बोनेट गेलं. पाणी दारांतून आत शिरलं. नळीतून हवा ओढत मी पुढे सरकत होते, आणि उजवीकडून धार मला ढकलत होती. मधोमध माझं डावं चाक दगडांमधल्या खड्ड्यात गेलं आणि मी कलले! डोक्यावर तो लोखंडी पसारा असता, तर मित्रांनो, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसती. मी कलले आणि तिथेच थांबले. आडवी पडले नाही.

"सुपांग!" पलीकडच्या काठावरून गेरावत किंचाळला.

"ओरडू नकोस! झाडाकडे बघ!"

तिनं बटण दाबलं. रीळ फिरलं, तार ताणून वाजू लागली, झाड करकरलं. चाक दगडावर घासत होतं. सुपांगचा पाय पेडलवर जिथे होता तिथेच राहिला, न कमी न जास्त. इंजिन घुसमटल्यासारखं झालं, पण मी श्वास सोडला नाही. आह सेंगनं बसवलेला प्रत्येक पाटा, प्रत्येक नट त्या क्षणी आपापल्या जागी घट्ट उभा होता. मग चाक दगडावर चढलं, आणि मी पुढे झेपावले. बोनेट वर आलं, दिवे वर आले, आणि दारांतून धबधबे सोडत मी काठावर चढले!

रिनाई चिखलात नाचत होती. गेरावतनं खिडकीतून हात घालून बायकोचा हात धरला.

"तुला स्कूटरच बरी," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

उजेड मावळता-मावळता आम्ही पठारावर पोचलो. लांबघराच्या, म्हणजे साऱ्या गावाच्या एकाच लांबलचक घराच्या, वाटेवर आजोबा एकटेच उभे होते. ते दुपारपासून तिथेच होते, असं मागाहून कळलं. त्यांनी आधी नातवाला घेतलं, मग रिनाईला जवळ ओढलं, मग दोन्ही लेकींच्या डोक्यांवरून हात फिरवला. सगळ्यात शेवटी माझ्यापाशी आले आणि माझ्या दारावरची गाळाची रेघ बोटानं मोजली, छपरावरची बोल्टांची रिकामी भोकं न्याहाळली.

"कोण चालवत होतं?"

गेरावतनं सुपांगकडे बोट दाखवलं.

"वाटलंच," म्हातारा म्हणाला. "पण वरचं वजन काढायची अक्कल कोणाची?"

"अक्कल तिची," गेरावत म्हणाला. "बोल्ट मी काढले."

"बोल्ट काढणं जास्त अवघड असतं, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी शेकडो लोकांसमोर नावं पुकारली गेली. गेरावत-सुपांगला नवं नाव मिळालं (माझ्या तोंडी मात्र जुनीच नावं बसलीत), दोउ आणि तिच्या नवऱ्याला मिळालं, आणि आजोबा झाले पारान बाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्पीकर मात्र पहिल्याच गाण्याला बंद पडला, पण इतकी माणसं गात होती, की कोणाला पत्ताही लागला नाही. रिनाई हट्टाला पेटली, "आजोबा, जीपचंही नाव ठेवा!" आजोबांनी जरा विचार केला आणि माझ्या बोनेटवर तांदळाची मूठ उधळून म्हणाले, "बाला पा. बाला म्हणजे कीर्ती, पा म्हणजे नदी. हिचं नाव नदीनंसुद्धा ऐकलंय." मित्रांनो, कारखान्यातून निघताना मला फक्त नंबर मिळाला होता. नाव त्या दिवशी मिळालं!

चार दिवसांनी आम्ही परतलो, तोवर पूल दुरुस्त झाला होता. काठावर ठेवलेल्या कॅरिअरला कोणीतरी जाळी लावून त्यात कोंबड्या पाळल्या होत्या. गेरावतनं ते पाहिलं आणि गाडी थांबवली नाही. मिरीत आह सेंगनं माझ्या मोकळ्या डोक्याकडे पाहून भुवई उंचावली, तेव्हा गेरावत एवढंच म्हणाला, "तेल बदलायचंय, अंकल. गिअरबॉक्समध्ये पाणी गेलंय का तेही बघा. आणि या वेळी मला शिकवा."

आता दर रविवारी निघण्याआधी गेरावत आणि रिनाई जमिनीवर पोतं पसरतात आणि पाठीवर सरकत माझ्या पोटाखाली येतात. टॉर्च लावून नट तपासतात, खाचांतला चिखल काडीनं उकरतात, गळती शोधतात. त्यांचे कपडे काळे होतात आणि सुपांग ओरडते. मित्रांनो, माझ्यासमोर उभं राहून पुष्कळांनी फोटो काढले. पण माझ्यावर माया करणारी माणसं मी खालून ओळखते. तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, आजोबांचं शिलाई मशीन असेल. तिला सजवा हवं तर, पण आधी एकदा तिच्याखाली वाकून बघा. तिथे काय सैल झालंय, काय कोरडं पडलंय, ते तिला स्वतःला सांगता येत नाही.

बरं, येते मी. रिनाईनं बूट घातलेत, गेरावतनं नकाशा उघडलाय, आणि सुपांग किल्ली घेऊन माझ्याकडेच येतेय.