पुण्याचं नव्हे

धर्मराजदादा आमच्या दुकानापुढं त्यांच्या जुन्या गाडीतून उतरले आणि दार लावताना त्यांनी ते गुडघ्यानं वर उचललं. उचललं, आत ढकललं, मग वरून एक थाप मारली. बिजागऱ्यांची काय अवस्था आहे ते मला तेवढ्यावरूनच कळलं.

"सतीश कुठंय?" त्यांनी विचारलं.

सतीश माझा धाकटा दीर. तो पिकअप चालवतो. दुकानातल्या लेथला, लोखंड कातायच्या यंत्राला, त्यानं कधी हात लावलेला नाही.

"भाड्यावर गेलाय. काय काम हाय, दादा?"

"दार खाली आलंय. नवनाथ असता तर बोलायचं कामच नव्हतं."

नवनाथ माझे मालक. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधीची तीन वर्षं त्यांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेलेला होता. दुकानातच बाज टाकली होती. ते बाजेवरून सांगायचे, मी लेथवर करायची. उसाच्या ट्रॉल्यांच्या पिना, पंपाचे शाफ्ट, काय येईल ते. गिऱ्हाईक आलं की ते बसल्या जागेवरून म्हणायचे, "झालंय बघा." तेलगावात सगळ्यांना वाटायचं, एका हातानं का होईना, नवनाथच करतोय, आणि जड कामाला सतीश असेल. ते गेल्यावर लोक सगळंच सतीशच्या नावावर धरायला लागले. मी गप्प राहायची. एरवीही मी फार बोलत नाही. पण रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, जीभ थोडी अडायची. खोटं मी बोलले नव्हते, हे खरं. पण कुणाचं तरी खोटं माझ्यासमोर उभं होतं आणि मी त्याला बसायला पाट दिला होता.

मी दाराखाली हात घालून ते वर उचललं. बोटभर वर गेलं, सोडलं की खाली. बिजागरीची पिन झिजून मध्ये बारीक झाली होती आणि भोक गोल न राहता लांबट झालं होतं. कुणीतरी मध्ये एक वायसर कोंबून ठेवला होता.

"एक जण म्हणला, वेल्डिंग मारून टाकतो," दादा सांगायला लागले. "पुण्याच्या गॅरेजवाल्याला फोन लावला, तर तो म्हणला, या बिजागऱ्या आता मिळत न्हाईत, दारासकट बदला. आमच्या वडलांनी पंचेचाळीस वर्षं हेच दार उघडलं. बदलायचं न्हाई मला."

"बदलायचं कामच न्हाई. होतंय."

"कोण करणार?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दुकानात बघितलं, जणू आत कुणी पुरुष लपलाय. म्हणाले, "बरं. पर एक ऐका, बाई. संभाजीनगरला जुन्या गाड्यांचा मेळावा हाय. काम पुण्याला दिलंय असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. कुणी विचारलं तर तुमी बी तेच म्हणायचं. तेलगावात केलं, ते बी बाईमाणसानं, म्हणल्यावर लोक मला हसतील."

"मी तसं म्हणणार न्हाई, दादा."

"एवढं बोलल्यानं तुमचा बुद्ध रागावतो का काय?"

"तो रागवत न्हाई. म्हणून तर माझं मलाच सांभाळावं लागतंय."

ते मोठ्यानं हसले. त्यांना ती गंमत वाटली. "तुमाला विचारायला कोण येतंय," म्हणत किल्ली ठेवून गेले.

बिजागरी सैल करायच्या आधी मी तिच्या भोवतीनं गाडीच्या खांबावर खिळ्यानं रेघ ओढून घेतली, म्हणजे परत बसवताना जागा चुकत नाही. दार जॅकवर तोललं, पोत्यांवर आडवं केलं. जुन्या पिना ठोकून काढल्या. लांबट झालेलं भोक मोठं करून गोल केलं. त्यात बसवायला पितळेसारख्या गनमेटलचे बुश लेथवर केले. बुश म्हणजे लहानशी नळी. पिन तिच्यात फिरते, त्यामुळं पुढं झीज झाली तर नळीची होते, बिजागरीची नाही.

पहिला बुश वाया गेला. मी तो आधीच आतून मापात केला आणि मग दाबून बसवला. दाबल्यावर तो आवळला आणि पिन आत जाईना. हे नवनाथनी कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांच्याकडून कधी असं चुकलंच नसेल. मी बुश काढून टाकला, दुसरा केला, आधी बसवला आणि मग आतून मापात कातला. पिन तेलाच्या थेंबासारखी आत उतरली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सतीश आला. दादांची अट त्याच्या कानावर गेली होती.

"वहिनी, हो म्हणून टाका की. हंगामात निम्म्या ट्रॉल्या त्यांच्याच येतात आपल्याकडं."

"हो कसं म्हणू?"

"मग हो बी म्हणू नका, न्हाई बी म्हणू नका. गप बसा. ते तर तुमाला लई चांगलं जमतंय."

चेष्टेतच बोलला. पण मला ते बरोबर जिथं लागायचं तिथं लागलं.

"पाच वर्षं जमलं, भाऊजी. आता न्हाई जमत."

दादा गाडी न्यायला आले तो पौर्णिमेचा दिवस होता. पौर्णिमेला मी अष्टशील घेते. पांढरं लुगडं, आणि दुपारनंतर जेवण नाही. त्या दिवशी लेथही बंद ठेवते. दादांबरोबर त्यांची आई छबुबाई होत्या. त्या आपल्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. समोरच्या चहाच्या टपरीवर चार-पाच जण होते, त्यात ट्रॉलीवाला गहिनीनाथ.

दादांनी पुढचं दार उघडलं, आत डोकावून बघितलं आणि लावताना सवयीनं गुडघा घालून वर उचललं. खटका खाचेच्या वर आदळला आणि दार परत आलं.

"केलं वाटोळं," दादा म्हणाले. "आधी निदान लागत तरी होतं."

टपरीवरून कुणीतरी म्हणालं, "बाईचा हात लागला रे दाराला," आणि बाकीचे हसले.

"दादा, उचलू नका," मी म्हटलं. "नुसतं सोडा."

त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा परत आलं.

"दार वर आलंय, दादा. तुमचा गुडघा तेवढा अजून जुन्याच दाराला लावलाय."

गाडीतून छबुबाई म्हणाल्या, "आरं सोड की. करणारी सांगतीय तर ऐकावं माणसानं."

दादांनी हात काढला. दार आपल्याच वजनानं गेलं आणि टक् करून बसलं. गहिनीनाथ उठून आला. त्यानं दोनदा उघडलं, दोनदा सोडलं. मग विचारलं, "दादा, कुणाच्या हातचं काम हे?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. धमकी अशी नव्हती त्या बघण्यात. भिंत जागेवर आहे ना, एवढंच बघावं, तसं.

"पुण्याचं," ते म्हणाले.

माझा आवाज टपरीपर्यंत कधी गेलेला नाही. म्हणून मी दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले.

"पुण्याचं न्हाई. माझं हाय. पिना मी केल्या, बुश मी केले. आणि मालक आजारी पडले तेव्हापासनं या दुकानातलं सगळं काम मीच करते. गहिनीनाथभाऊ, तुमच्या ट्रॉलीची पिन बी माझीच."

"पिन चांगली चालतीय की," गहिनीनाथ म्हणाला, माझ्याकडं न बघता.

दादांचा चेहरा लाल झाला. "आता या दुकानात माझा एक खिळा येणार न्हाई, सांगून ठेवतो."

"नका आणू. पर मागचं डावं दार बी खाली आलंय. आईंनी मघाशी दोन्ही हातांनी उचललं तवा लागलं. ते करायचं झालं तर माझ्या नावानं आणा. पुण्याचं म्हणून मी हात लावणार न्हाई."

"ऐकलं का रे," छबुबाई आतून म्हणाल्या. दादा बसले, दार ओढलं, ते लागलं, आणि गाडी गेली. मी पायऱ्या चढून वर आले. पाणी प्यायले. पाणी चालतं.

त्या हंगामात त्यांची एकही ट्रॉली आली नाही. ते मी धरूनच चालले होते. गहिनीनाथ आला, आणखी तिघं-चौघं आले. ते आता सतीशची चौकशी न करता सरळ मला माप सांगतात. पण काम निम्म्यावर आलंय, हेही खरं. सतीश आठवड्याला एकदा तरी विषय काढतो.

"वहिनी, मी जाऊन दादांना एक शब्द टाकून बघू का?"

"जावा की," मी म्हणते. "पर काम कोण करतंय, ते आधी सांगा. बाकीचं मग बोला."

अजून गेलेला नाही.