उसनं हत्यार

खंडेनवमीला चाकणच्या, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये उत्कर्षाचा लॅपटॉप पूजेच्या पाटावर मांडला गेला.

तळवड्याच्या सात माणसांच्या कंपनीत तिला वर्ष झालं होतं. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या सुट्या भागाची भोकं मोजणारं सॉफ्टवेअर तिनं बनवलं होतं. त्यातलं खरं अवघड काम म्हणजे भोकाची कड अचूक ओळखणं. ते मात्र एका संशोधकानं लिहिलेली तयार कोडची लायब्ररी करत होती. त्या लायब्ररीच्या परवान्यात स्वच्छ लिहिलं होतं: स्वतः हवी तेवढी वापरा, पण आपल्या सॉफ्टवेअरसोबत दुसऱ्याला द्यायची तर आधी लेखी परवानगी घ्या. मागू, मागू म्हणता म्हणता या प्रेसशॉपसकट तीन कारखान्यांत सॉफ्टवेअर बसलंही. परवान्याची फाइल तिनं इन्स्टॉलरमधून काढून टाकली होती.

"एकूण एक ओळ आमच्या पोरीनं लिहिलीय!" तिच्या कंपनीचे मालक अय्याजभाई प्रेसशॉपच्या मालकांना, अण्णासाहेबांना, सांगत होते.

पहिल्या कारखान्यात सॉफ्टवेअर बसल्यापासून चार महिने तिनं हे असंच चालू दिलं होतं.

टूलरूमचे म्हातारे मारुतराव मायक्रोमीटर पुसून पाटावर लावत होते. भोकं तपासायचं एक गेज मात्र त्यांनी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"ते का काढलं, काका?"

"शेजारच्या शेडचं हाय. वापराया आणलंय, पर आपल्या पूजेत मांडू न्हाई. ज्याचं त्याच्या पाटावर." हळदीकुंकवाची बोटं लॅपटॉपकडं नेत ते हसले, "ह्ये तर तुमचंच हाय न्हवं?"

तिनं झटकन लॅपटॉप उचलला.

"अगं, काय झालं?" अय्याजभाई दचकले.

"सर, मोजणारा भाग माझा नाही. दुसऱ्याला द्यायची परवानगीही नाही आपल्याला."

"परवाना वाचायचा राहिला?"

इथं हो म्हटलं असतं तर सुटली असती.

"वाचला होता, सर. वाचूनच काढून टाकला."

प्रेस बंद होते. शेडमध्ये उदबत्तीचा वास तेवढा होता. अय्याजभाई रागावतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. ते तिच्याकडं वळलेच नाहीत.

"अण्णासाहेब," त्यांनी हात जोडले, "परवानगी येईपर्यंत आमचं सॉफ्टवेअर बंद ठेवा. बाकी दोन ठिकाणी आत्ताच जातो आम्ही. आणि मघाशी मी तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा."

खोटं ते बोललेच नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, आणि तिनं ते वाटू दिलं होतं.