उलटे बसवलेले पाते

मी एक जुनी करवत आहे. पण मित्रांनो, करवत म्हटल्यावर सुताराच्या हातातली ती लांबलचक, सदा दात विचकणारी बाई डोळ्यांसमोर आणू नका. मी विजेवर चालते. माझे पाते दोऱ्यासारखे बारीक. वरच्या आणि खालच्या चिमट्यात ते ताणून बसवतात आणि ते जागच्या जागी भराभर वरखाली नाचते. लाकूड तुम्ही फिरवायचे, कापायचे काम माझे. सरळ रेषेचा मला कंटाळा आहे. हत्तीची सोंड द्या, मांजरीची शेपटी द्या, मी आनंदाने कापून देते. जाणकार मला स्क्रोल सॉ म्हणतात. घरात सगळे नुसतेच 'ती मशीन' म्हणतात. चालायचेच.

एका कारखान्यात माझे बिडाचे अंग ओतले गेले, त्यावर हिरवा रंग चढला आणि एका खेळणीवाल्याने मला घरी आणले. आम्ही दोघांनी मिळून किती घोडे, मासे आणि तुकडे जोडायची कोडी केली असतील, देव जाणे. माणूस असा बोलका की लाकडाशीही गप्पा मारायचा. "चल गं, आज बदकं करायचीत," असे मला सांगितल्याशिवाय त्याने कधी बटण दाबले नाही. काम आटोपले की तो माझ्या टेबलावरचा भुसा झाडायचा, सांध्यांत तेल सोडायचा. कोणी खेळण्याचे कौतुक केले तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हिला सांगा." मी फुगून जायचे.

मग एका सकाळी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोके मात्र शाबूत राहिले. त्याला सगळे कळायचे आणि सांगता काहीच यायचे नाही. पाणी हवे असले तर घरातले उशी सरकवत, उशी हवी असली तर खिडकी उघडत. शेवटी तो डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायचा आणि मुलगा म्हणायचा, "बाबा, असं चिडू नका हो." माझ्यावर तोवर एक जुनी चादर पडली होती. चादरीवर रद्दीचा गठ्ठा आला आणि गठ्ठ्यावर छत्र्या. तो पलीकडच्या खोलीत मुका, मी इकडे मुकी.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी चित्रांचे कागद दिले होते. पेला, पांघरूण, दिवा, अशी चित्रे होती; जे हवे ते उचलून दाखवायचे. पण सपाट टेबलावरचा कागद त्याला एका हाताने उचलता येईना. नखाने खरवडून खरवडून तो रडकुंडीला यायचा आणि सगळे कागद भिरकावून द्यायचा. हे सुनेने पाहिले.

"बाबांना जाड काहीतरी हवं, मुठीत धरता येईल असं," ती नवऱ्याला म्हणाली. "मी लाकडाचं करते."

"तू? तुला खिळा तरी ठोकता येतो का?"

"खिळा कुठे ठोकायचाय? कापायचंय."

आणि माझ्या अंगावरच्या छत्र्या उतरल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही.

आता हिच्या कामाविषयी खरे बोलू का? ही पोस्टात शिक्के मारायच्या कामावर. तिथली सवय इथे आली. लाकूड हळूच पात्याकडे न्यायचे सोडून ती ते शिक्क्यासारखे दाबायची. पाती कटाकट तुटत गेली. माशाचे चित्र तिने डिंकाने थेट लाकडावर चिकटवले. मग काही केल्या ते निघेना. तो मासा आजही कागदी सदरा घालून हिंडतो. कपाच्या कानाला आतून भोक पाडायचे, तर आधी छिद्र करून त्यातून पाते ओवायचे असते. हिने बाहेरूनच आत घुसून कापले आणि कान तुटून भुशात पडला. पण बाई चिकाटीची. कामावरून आली की पदर खोचून माझ्यासमोर हजर.

मग तिने शेवटची उरलेली नवी पाती बाहेर काढली आणि त्यातले एक उलटे बसवले. माझ्या पात्याचे दात खाली तोंड करून असावे लागतात, म्हणजे लाकूड टेबलावर दाबून राहते. दात वर झाले की लाकूडही पात्याबरोबर वर उसळते आणि थडाथड खाली आपटते. तसेच झाले. मी ओरडत होते, लाकूड नाचत होते, ती ते दोन्ही हातांनी दाबत होती, आणि पलीकडच्या खोलीत म्हातारा खुर्चीचा दांडा बडवत होता. त्याला नुसत्या आवाजावरून कळले होते. माझा आवाज त्याच्याइतका कोण ओळखणार?

मुलगा धावत आला. "बंद कर ते! बाबांना सहन होत नाहीये."

तिने बटण बंद केले. तिकडे बडवणे थांबेना. पुढचे दिवसही असेच गेले. मी सुरू झाले की तो बडवायचा, मग मुलगा मला बंद करायचा. मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. बापाचा त्रास त्याला बघवत नव्हता, इतकेच. अखेर तो म्हणाला, "ही मशीनच नको घरात. भंगारवाल्याला बोलावतो."  सुनेने अर्धवट कापलेला पेला नुसता हातात धरून ठेवला.

भंगारवाला आला. त्याने आणि मुलाने मला उचलले आणि म्हाताऱ्याच्या खुर्चीजवळून दाराकडे नेऊ लागले. तेवढ्यात डावा हात पुढे आला आणि त्याने माझ्या टेबलाची कड गच्च धरली.

"बाबा, सोडा. हात चेमटेल."

तो सोडीना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"थांबा," सून म्हणाली. "खाली ठेवा तिला. बाबांना काहीतरी सांगायचंय."

मला जमिनीवर ठेवले. त्याने सुनेचे बोट धरले, माझ्या पात्यावर टेकवले आणि वरून खाली हळूच ओढले.

"आई गं, टोचतंय!"

त्याने मान हलवली: असे नको. मग तेच बोट खालून वर नेले. गुळगुळीत लागले. पुन्हा मान हलवली. तिने वाकून पात्याचे दात पाहिले.

"म्हणजे... मी उलटं बसवलंय?"

म्हातारा हसला. अर्धाच चेहरा हसला, पण काय हसला! मुलगा त्याच्या पायाशी खालीच बसला आणि "चुकलो हो बाबा" म्हणाला. भंगारवाला निमूटपणे चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

त्यानंतर म्हाताऱ्याची खुर्ची माझ्याशेजारी आली. सुनेने जोर दिला की तो तिच्या मनगटावर बोट ठेवायचा. पेला झाला, पांघरूण झाले, दिवा, खिडकी, चष्मा झाले. मुलाला हाक मारायला त्याच्या सायकलचा तुकडा झाला. आता पाणी हवे असले की पाणीच मिळायचे. तरीही दिवसातून कधीतरी तो सगळे तुकडे चाचपायचा, एकही उचलायचा नाही आणि दांडा बडवायचा. सून स्वयंपाकघरातून धावत येऊन एकेक तुकडा दाखवायची. "हे हवंय? हे?" तो मान हलवून गप्प व्हायचा.

एकदा तिने त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. "तुम्हीच काढा, बाबा. मी कापते."

त्याने फळीवर फार वेळ लावून एक वेडेवाकडे चित्र काढले. एक गोल, मागे छोटा गोल, खाली उतरती रेघ. ती घागर म्हणाली. मुलगा पक्षी म्हणाला. तिने ते होते तसे, वेडेवाकडेच कापले. डाव्या बाजूने तो लाकूड ढकलत होता, उजव्या बाजूने ती. पुरते कापून होईपर्यंत ते कशाचे चित्र आहे हे तिच्या लक्षात आले नाही. तुकडा हातात आला तेव्हा तिने तो उभा धरला. डोके, मागे तिच्यासारखाच अंबाडा, खाली खांदा.

सगळ्या घराचे तुकडे करताना बाई स्वतःचा करायला विसरली होती. त्याला तिला हाक मारायची असायची, आणि टेबलावर ती नसायची.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण ज्याला बोलता येत नाही त्याने हात आपटला, तर त्याचा अर्थ 'नको' असाच धरू नका. जवळ जा, विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. आमच्या घरात आता टेबलावर पुष्कळ तुकडे आहेत. अंबाड्याचा तुकडा हाताळून हाताळून काळा पडला आहे, आणि तो वर उचलला गेला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "आले हो, बाबा."